एकशे बासष्ट सामने आणि एक हृदय

१८ ऑक्टोबर २००४, सोमवार. जिल्हा रुग्णालयातली ओपीडी ऐन भरात होती. अकराला काही मिनिटं कमी असतील. मोबाइल वाजला, अमेरिकेतून ताई. तिकडे रात्रीचा दीड वाजत आला असणार, म्हणून पोटात गोळाच आला. पण फोनवर आवाज दाजींचा होता आणि तो चक्क ओरडत होता, "डॉक्टर, जिंकले! एक तरी जिंकले!" मागून ताई म्हणत होती, "अरे, सांग यांना झोपायला. रात्री धड जेवलेसुद्धा नाहीत."

जेवले नाहीत म्हणजे जेवणानंतरच्या गोळ्याही घेतल्या नसणार, हे माझ्या लक्षात आलं. दाजींना दहा वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब. "दाजी, गोळ्या घ्या आणि झोपा," एवढंच मी म्हणालो. समोर चाळीस माणसं रांगेत उभी होती. "हो हो, झोपतो," म्हणाले. झोपले नाहीत, हे नंतर कळलं.

जिंकली होती ती बोस्टनची रेड सॉक्स ही बेसबॉल टीम. दाजी १९८४ साली नोकरीनिमित्त बोस्टनजवळच्या एका गावात गेले. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल समजायला फार वेळ लागत नाही. चेंडू टाकणारा पिचर, मारणारा बॅटर, नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांचे तीन-तीन गडी बाद होईपर्यंत खेळ. सामना अनिर्णित सोडत नाहीत. नऊ इनिंगनंतर धावा सारख्या असतील तर दहावी, अकरावी, निकाल लागेपर्यंत. समजायला वेळ लागतो तो हंगामाला. मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला तीस संघ शून्यावरून सुरुवात करतात आणि सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. साधारण सहा महिन्यांत एकशे बासष्ट! आठवड्यातून सहा दिवस सामना. मग ऑक्टोबरात मोजक्या संघांची बाद फेरी आणि शेवटी सात सामन्यांची 'वर्ल्ड सिरीज'. आपल्याकडे वर्ल्ड कप म्हणजे सण. तिथे बेसबॉल म्हणजे रोजची भाजी-भाकरी आणि ऑक्टोबर म्हणजे दिवाळी.

डॉक्टर म्हणून मला या हंगामाचं कुतूहल वाटतं ते याच कारणाने. एखाद्या औषधाचा परिणाम बघायचा तर डोस आणि कालावधी बघावा लागतो. इथे लाखो माणसं सहा महिने, रोज रात्री, एकाच गोष्टीचा लहान डोस घेतात आणि मग अचानक महिनाभर तो डोस कित्येक पटींनी वाढतो.

लहान डोस कशाचा, तर अनिश्चिततेचा. या खेळात उत्तम संघही शंभराच्या आसपास सामने जिंकतो, म्हणजे साठेक हरतो. २००४ साली जगज्जेता ठरलेला रेड सॉक्स संघ साखळी फेरीत ९८ जिंकला आणि ६४ हरला. उलट २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने १२१ सामने हरून आधुनिक काळातला विक्रम केला, तरी एक्केचाळीस वेळा त्यांचेही लोक हसत घरी गेलेच. म्हणजे कुठल्याही संध्याकाळी, कुठल्याही संघाच्या चाहत्याला जिंकण्याची शक्यता नाणेफेकीपासून फार लांब नसते.

आता मेंदूचं बघा. २००३ साली वुल्फ्रम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर चित्र दिसलं की थोड्या वेळाने फळांचा रस मिळणार. काही चित्रांनंतर तो नक्की मिळे, काहींनंतर कधीच नाही, काहींनंतर कधी मिळे कधी नाही. डोपामिन तयार करणाऱ्या पेशींची वाट पाहतानाची धडपड सर्वांत जास्त कधी होती? रस मिळण्याची शक्यता बरोबर निम्मी असताना. नक्की मिळणार म्हटल्यावर त्या शांत, नक्की नाही म्हटल्यावरही शांत. माकडाचा रस आणि माणसाचा संघ एक नव्हे, हे कबूल. पण रोज संध्याकाळी सात वाजता शक्यता पुन्हा निम्म्यावर आणून ठेवणारा खेळ माणसाला सहा महिने का धरून ठेवतो, याचा धागा इथे सापडतो.

चाहत्याचं शरीर खेळाडूच्या शरीराची नक्कल करतं, हाही शोध जुना आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात बास्केटबॉलच्या आणि फुटबॉलच्या पुरुष चाहत्यांची लाळ सामन्याआधी आणि नंतर तपासली. जिंकलेल्या संघाच्या चाहत्यांचं टेस्टोस्टेरॉन साधारण पाचवा ते चौथा हिस्सा वाढलं, हरलेल्यांचं तेवढंच उतरलं. ही माणसं खुर्चीत बसून होती, पिझ्झा खात होती. कॅनडात आइस हॉकीच्या वीस चाहत्यांच्या छातीवर यंत्र लावलं, तेव्हा टीव्हीवर सामना बघताना नाडीचा वेग सरासरी ७५ टक्क्यांनी आणि प्रत्यक्ष स्टेडियममध्ये ११० टक्क्यांनी वाढलेला दिसला. स्टेडियममधला हा आकडा भरपूर व्यायाम करणाऱ्या माणसाचा आहे, फक्त व्यायाम झालेला नसतो.

आणि भाषा? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ साली एक साधी गोष्ट मोजली. कॉलेजचा संघ शनिवारी जिंकला की सोमवारी कॉलेजच्या नावाचे शर्ट घालणारे वाढत. सामन्याबद्दल विचारलं तर जिंकल्यावर "आम्ही जिंकलो", हरल्यावर "ते हरले". आपल्या नाक्यावर याहून वेगळं काही ऐकू येत नाही. बेसबॉलचा जुना चाहता मात्र या नियमात नीट बसत नाही, असं दाजींकडे बघून वाटतं. हंगामात चौसष्ट वेळा "ते हरले" म्हणत बसलं तर माणूस कंटाळून जाईल. तो हळूहळू "आम्ही हरलो" म्हणायला शिकतो आणि सकाळी कामावर जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना असतोच. दाजी हे १९८६ पासून करत होते.

१९८६ सांगायलाच हवं. रेड सॉक्सने त्याआधी वर्ल्ड सिरीज जिंकली होती १९१८ साली. मग त्यांनी बेब रूथ नावाचा खेळाडू न्यूयॉर्क यांकीजना विकला, तो पुढे या खेळातला सर्वांत मोठा माणूस झाला आणि बोस्टनला त्याचा शाप लागला, अशी दंतकथाच तयार झाली. १९८६ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात विजय एका चेंडूवर आला होता. तो हातचा गेला, बरोबरी झाली, आणि मग बिल बकनरच्या पायांमधून एक साधा सरपटी चेंडू निघून गेला. सातवा सामनाही गेला. दाजींच्या ऑफिसातले पन्नाशीचे गृहस्थ दुसऱ्या दिवशी टेबलावर डोकं ठेवून बसले होते. "माझ्या बापाने हे बघितलं, आता मी बघतोय," असं त्यांनी दाजींना सांगितलं. दाजी म्हणतात, "त्या दिवशी मी बोस्टनचा झालो. दुसऱ्याचं सुतक पाळलं की आपण त्या घरचे होतो."

या वाक्यात बरंच शास्त्र आहे. केंटकीतल्या मरे स्टेट युनिव्हर्सिटीचे डॅनियल वॅन यांनी चाहत्यांच्या मानसिक आरोग्यावर कित्येक वर्षं काम केलं. ज्यांचं आपल्या गावच्या संघाशी घट्ट नातं असतं, त्यांच्यात एकटेपणा कमी आणि लोकांशी जोडलेपण जास्त दिसतं, असं त्यांना वारंवार आढळलं. संघ जिंकतो की हरतो याचा त्यात फारसा वाटा नाही. जवळच्या लोकांबरोबर मिळून मानणं महत्त्वाचं. दूरच्या एखाद्या संघाचा एकट्याने चाहता असण्यात तो फायदा तेवढा दिसत नाही. परदेशी गेलेल्या माणसाला हवामान, जेवण, नोकरी या सगळ्याची सवय होते. शेजाऱ्याशी बोलायला विषय नसणं ही खरी अडचण. सप्टेंबरात बोस्टनमध्ये "काल पाहिलंत का?" एवढ्यावर पोस्टमनपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत कुणाशीही बोलता येतं.

वृद्धांच्या बाबतीत हे आणखी पुढे जातं. बेसबॉल हा रेडिओवर ऐकण्याचाही खेळ आहे. दोन चेंडूंमध्ये इतका वेळ असतो की बोलणारा माणूस हवामान, जुने किस्से, कुणाचा वाढदिवस असं सगळं सांगत राहतो. जो कॅस्टिलिओनी हे १९८३ ते २०२४ रेड सॉक्सचे सामने रेडिओवर सांगत होते. एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं रोज रात्री तीन तास एकच ओळखीचा आवाज. याला मी औषध म्हणणार नाही, पण जिथे तो नाही तिथे काय होतं, हे माझ्या ओपीडीत रोज दिसतं. सेंट लुईस शहरात तर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी तिथल्या कार्डिनल्स संघाच्या आठवणींचा गट चालवला जातो. जुने फोटो, हातात चेंडू, हातमोजा. सकाळी काय खाल्लं ते न आठवणाऱ्या माणसाला जुन्या सामन्यातला तपशील आठवतो, कारण तरुणपणच्या आणि भावना गुंतलेल्या आठवणी मेंदूत जास्त काळ टिकून राहतात. आजार त्याने थांबत नाही, तासभर माणूस बोलता होतो.

असं हे एप्रिल ते सप्टेंबर. माझ्या मते या सहा महिन्यांचा हिशेब केला तर चाहत्याच्या बाजूनेच निघेल. पण ऑक्टोबरचं गणित वेगळं असतं.

त्या गणिताचा सर्वांत चांगला पुरावा बेसबॉलमधून नाही, फुटबॉलमधून आला आहे. २००६ चा वर्ल्ड कप जर्मनीत झाला तेव्हा म्युनिक आणि परिसरातल्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या ४,२७९ रुग्णांची नोंद तपासली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी असे रुग्ण एरवीच्या २.६६ पट येत होते. पुरुषांमध्ये वाढ सव्वातीन पट, स्त्रियांमध्ये पावणेदोन पटींच्या थोडी वर. ज्यांना आधीपासून हृदयाचा आजार होता त्यांच्यात चार पट. आणि सर्वाधिक रुग्ण सामना सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तासांत. प्रत्येक देशात असंच दिसलं असं नाही. १९९८ मध्ये फ्रान्सने वर्ल्ड कप जिंकला त्या दिवशी तिथे पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू उलट कमी नोंदले गेले. जिंकणं हृदयाला मानवत असेल. पण जिंकणार की नाही हे सामन्याआधी कुणाला कळतं?

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. वर्षानुवर्षं मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांमुळे हृदयाच्या रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला चरबीचे थर साचतात. त्यांच्यावर एक पातळ पापुद्रा असतो. ताणाच्या क्षणी ॲड्रेनालिन वाढतं, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तातल्या गुठळी करणाऱ्या पेशी जास्त चिकट होतात. पापुद्रा फाटला तर तिथे गुठळी बसते आणि पुढचा स्नायू रक्ताविना राहतो. त्यात जागरण, खारट खाणं, बिअर आणि चुकलेली गोळी मिळवा. नाडी ताब्यात ठेवणारी काही औषधं एकदम चुकवली तर नाडी उसळून वर जाते, हे रुग्णांना माहीत नसतं.

दाजींच्या बाबतीत हे सगळं जुळून आलं होतं. अंतिम फेरीत जाण्यासाठी सात सामन्यांची मालिका चालू होती, समोर तेच न्यूयॉर्क यांकीज. बोस्टन पहिले तिन्ही हरलं होतं, तिसरा तर १९ विरुद्ध ८. बेसबॉलच्या इतिहासात ०-३ वरून सात सामन्यांची मालिका तोवर कुणीच जिंकली नव्हती. चौथ्यात नवव्या इनिंगपर्यंत हरत होते, बरोबरी साधली आणि बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझच्या होमरनने जिंकले. पहिला फोन आला तो त्यावर. रात्री १ वाजून २२ मिनिटांनी संपलेला तो सामना बघून दाजी पहाटे कसेबसे पडले, सकाळी कामावर गेले आणि संध्याकाळी पाचला पुन्हा टीव्हीसमोर बसले. पाचवा सामना चौदा इनिंग चालला. पाच तास एकोणपन्नास मिनिटं.

दहाव्या इनिंगला छातीत जड वाटायला लागलं. ॲसिडिटी असेल म्हणून त्यांनी गुलाबी औषध दोन चमचे घेतलं. डावा खांदा दुखायला लागला, तेव्हा उशी बदलली. घाम आला, पण घाम तर त्या रात्री अख्ख्या बोस्टनला आला होता. ताई शेजारच्या खोलीत. तिला काही सांगितलं नाही. अकराच्या सुमारास चौदाव्या इनिंगला ऑर्टिझनेच विजयी फटका मारला, ५-४. दाजींनी टीव्ही बंद केला आणि हाक मारली, "अगं, आता जाऊ या." "कुठे?" तर म्हणे, "हॉस्पिटलात."

तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, दुखणं कधी सुरू झालं? दाजी म्हणाले, "दहाव्या इनिंगला." डॉक्टरने पुढे काही न विचारता वेळ लिहून घेतली. ही गोष्ट ताई अजून हसत सांगते. मला हसू येत नाही, कारण दहावी ते चौदावी इनिंग म्हणजे सुमारे दोन तास. त्या दोन तासांत हृदयाच्या खालच्या भिंतीचा एक तुकडा गेला तो गेलाच. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. तेव्हापासून सोनोग्राफीत ती भिंत थोडी आळशी हलते.

पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, बोस्टनच्याच चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी त्या ऑक्टोबरातल्या रात्रींचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. शहरातल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात त्या तासांना किती रुग्ण आले आणि टीव्हीवर किती घरांत सामना चालू होता, याची तुलना. आकडे आरशासारखे उलटे निघाले. प्रेक्षक जास्त तेव्हा रुग्ण कमी. यांकीजविरुद्धचा सातवा सामना आणि वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामना, या रात्री नेहमीच्या अंदाजापेक्षा साधारण १५ टक्के कमी रुग्ण आले.

वर्तमानपत्रांनी तेव्हा ही बातमी गमतीने छापली असणार. बेसबॉल ही जालीम लस! मी ती वाचली तेव्हा मला उशी बदलणारे दाजी दिसले. दर शंभरातले हे पंधरा लोक त्या संध्याकाळी आजारीच पडले नाहीत, असं समजायचं का? त्यांतले बरेच खोकला-ताप, मुरगळलेला पाय असे असतील. ते सकाळी आले किंवा आलेच नाहीत, काही बिघडलं नाही. पण मधला एखादा छातीवर हात ठेवून शेवटच्या चेंडूची वाट बघत बसलेला असतो. आकडेवारीत तो वेगळा दिसत नाही. कॅज्युअल्टीत काम केलेल्या कुणालाही तो माहीत असतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला, भारत-ऑस्ट्रेलिया फायनलच्या संध्याकाळी, आमच्याकडेही बाकडी रिकामी होती. सिस्टर म्हणाल्या, "सर, आज शांत आहे." मी म्हणालो, "दहा वाजू द्या." सामना संपला आणि तासाभरात दोन ईसीजी असे आले की ज्यांची सुरुवात भारताच्या फलंदाजीत झाली होती.

म्हणून माझ्या हृदयरुग्णांना मी सामना बघू नका असं सांगत नाही. सांगून कुणी ऐकतही नाही आणि वर सांगितलं तसं, या नात्यातून मिळणारं बळही काही कमी नाही. मी एवढंच सांगतो की गोळ्यांची डबी टीव्हीच्या शेजारी ठेवा आणि सामना सुरू व्हायच्या आधी जेवा. छातीत दडपण, जबडा-खांदा-पाठ दुखणं, घाम, धाप यांतलं काहीही पंधरा मिनिटांत ओसरलं नाही तर स्कोअर काय आहे ते न बघता १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसता थकवा आणि मळमळ. आणि घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा. दुखणं लपवायला दोन इनिंगमधली जाहिरात पुरते.

दाजींनी मालिकेचे उरलेले दोन सामने हॉस्पिटलच्या खाटेवरून पाहिले, छातीवर मॉनिटरच्या तारा लावून. सहाव्या सामन्यात पिचर कर्ट शिलिंगच्या मोज्यावर रक्त दिसत होतं. त्याच्या घोट्याजवळचा स्नायूबंध आपल्या खोबणीतून घसरत होता, म्हणून संघाचे डॉक्टर बिल मॉर्गन यांनी कातडी खालच्या थरांना टाके घालून शिवली आणि बंध अडवायला एक तात्पुरती भिंत उभी केली. हा प्रयोग त्यांनी आधी मृतदेहाच्या पायावर करून पाहिला होता. एक डॉक्टर म्हणून मला अजूनही हे धाडस म्हणावं की अविचार, ठरवता येत नाही. दाजींना तेव्हा असला प्रश्न पडला नव्हता. सातवा सामना मात्र त्यांच्या प्रकृतीला मानवेल असा झाला. दुसऱ्याच इनिंगला बोस्टनने सहा धावांची आघाडी घेतली आणि शेवटी १०-३ ने जिंकले. नर्सने सांगितलं की मॉनिटरवर नाडी नव्वदच्या वर गेली नाही.

२७ ऑक्टोबरच्या रात्री, खग्रास चंद्रग्रहण लागलेलं असताना, रेड सॉक्सने सेंट लुईसला सलग चौथ्यांदा हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. शहाऐंशी वर्षांनी. दुसऱ्या दिवसापासून न्यू इंग्लंडच्या स्मशानभूमींत लोक वडिलांच्या, आजोबांच्या कबरींवर टोप्या आणि झेंडे ठेवायला जाऊ लागले. दाजींच्या ऑफिसातल्या त्या गृहस्थांनीही वडिलांच्या थडग्यावर वर्तमानपत्र नेऊन ठेवलं. ते स्वतः तोवर निवृत्त झाले होते.

तेव्हाचा चाहता आणि आजचा चाहता यांत एक फरक पडला आहे आणि तो मला मोज्यावरच्या रक्तापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला राज्यांनी परवानगी देण्याचा मार्ग मोकळा केला. आता अनेक राज्यांत फोनवर, चालू सामन्यात, पुढच्या एका चेंडूवरसुद्धा पैसे लावता येतात. निम्म्या शक्यतेने मेंदू धरून ठेवणारा खेळ एका संध्याकाळी एकदा निकाल देत होता, तोवर ठीक होतं. तोच खेळ तीनशे वेळा निकाल द्यायला लागला की ते जुगाराचं यंत्रच झालं. "आम्ही हरलो" म्हणायला वीस वर्षं लागलेल्या माणसाची सहनशक्ती इथे कामाला येत नाही, कारण इथे हरणारा एकटाच असतो. सामने मात्र आता लवकर संपतात, ही जमेची बाजू. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलं आहे, त्यामुळे सरासरी सामना २४ मिनिटांनी आटोपला. म्हाताऱ्या चाहत्यांना तेवढी झोप मिळाली.

दाजी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. बोस्टनने २००४ नंतर आणखी तीन वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली, आता कुणी शापाचं नाव काढत नाही. ते रोज संध्याकाळी रेडिओ लावून घराभोवती चालतात, घरचा सामना असो की बाहेरचा. गोळ्यांची डबी टीव्हीपाशी असते, माझ्याच सांगण्यावरून. गेल्या हिवाळ्यात ते दोघं इकडे आले होते, तेव्हा जेवताना मी त्यांना सरळ विचारलं, "दाजी, आज पुन्हा तसंच दुखलं, तर लगेच जाल ना?"

त्यांनी भाकरी मोडली, जरा विचार केला. "कितवी इनिंग आहे त्यावर आहे," म्हणाले.

ताई वाढत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "ऑक्टोबरात टीव्हीचा रिमोट माझ्याकडे असतो."